साताऱ्याहून मुंबईच्या राजभवनातील भूमिगत बंकर पाहायला जाताना

मुंबईत मलबार हिलच्या टोकाशी, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या राजभवनाच्या (आताचे नाव ‘लोकभवन’) आवारात, जमिनीखाली ब्रिटिशकालीन तोफखान्याचा एक बंकर आहे. स्वातंत्र्यानंतर तो अनेक दशके बंद होता. आवारात कोठेतरी भुयार असल्याची माहिती तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या कानावर आली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये तोंडावरची भिंत फोडल्यावर आत सुमारे दीडशे मीटर लांबीचा मार्ग, तेरा खोल्या आणि जवळपास वीस फूट उंचीचे प्रवेशद्वार असल्याचे दिसून आले. डागडुजी होऊन १८ ऑगस्ट २०१९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तेथे संग्रहालय सुरू झाले, आणि १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याच बंकरमध्ये ‘क्रांतिगाथा’ हे क्रांतिकारकांचे दालन उघडण्यात आले. म्हणजे एकाच तळघरात दोन इतिहास नांदतात, एक भिंतींचा आणि दुसरा भिंतींवर मांडलेला, आणि पाहणाऱ्याने ते वेगवेगळे ओळखले नाहीत तर दोन्हींचा गोंधळ होतो.

साताऱ्याहून किंवा सांगलीहून कुटुंबासह, शाळेच्या सहलीने किंवा माजी सैनिकांच्या गटाने तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. त्यातला मुख्य सल्ला आरंभीच सांगतो. या बंकरमध्ये फलक वाचत हिंडू नये, तर तोफेचा गोळा कोठे ठेवला जात असेल, तो कोणत्या वाटेने आणि कशाने वर जात असेल, याचा माग काढत चालावे. हा बंकर माणसांना बाँबवर्षावापासून लपवण्यासाठी बांधलेला निवारा नव्हता. वर उभ्या असलेल्या तोफांना दारूगोळा पुरवणारे ते कोठार होते. एवढी एक गोष्ट मनात धरून आत शिरले की रिकाम्या खोल्याही बोलू लागतात.

निघण्यापूर्वी अजिंक्यताऱ्यावर एक चक्कर

मुंबईची तयारी साताऱ्यातच करता येते, आणि ती करावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सुरुंगाची दारू काय करू शकते याचा धडा आपल्या अजिंक्यताऱ्याच्या तटाने तीनशे वर्षांपूर्वी दिलेला आहे. औरंगजेबाच्या वेढ्यात, १३ एप्रिल १७०० रोजी, मोगलांनी मंगळाई बुरुजाच्या बाजूला पेरलेले सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटाने आतले मराठे गाडले गेले, पण दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली दबा धरून बसलेले मोगल सैनिकच सुमारे दोन हजारांच्या संख्येने मारले गेले. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडूनही वाचले. दारूला आपले आणि परके कळत नाही, आणि ती साठवणाऱ्याला तिची भीती शत्रूइतकीच असते. मुलांना मंगळाई बुरुजापाशी उभे करून ही हकिगत सांगावी. राजभवनाच्या बंकरमधील प्रत्येक वळण आणि प्रत्येक वेगळी खोली याच भीतीतून आलेली आहे, हे मग निराळे शिकवावे लागत नाही.

ज्यांना किल्ला चढणे जमणार नाही त्यांनी गुऱ्हाळ आठवावे. वाळलेले चिपाड चुलवाणापासून दूर रचतात, कारण एक ठिणगी पुरते. पण काहील तापती ठेवायची तर तेच चिपाड अखंडपणे चुलवाणाकडे आणावेही लागते. तोफखान्याच्या कोठाराचा पेच नेमका हाच होता. दारू दूर, कोरडी आणि बंदिस्त हवी, आणि तरीही हुकूम होताच ती तोफेपाशी पोचली पाहिजे.

नोंदणी आणि प्रवास

राजभवन हे राज्यपालांचे निवासस्थान आणि कार्यालय आहे, त्यामुळे थेट दारात जाऊन तिकीट काढण्याची सोय गृहीत धरू नये. भेटीची नोंदणी आगाऊ, राजभवनाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावी. भेटीचे वार, वेळ, शुल्क आणि गटाची मर्यादा तेथे पाहूनच बेत ठरवावा, कारण राज्यपालांचे कार्यक्रम आणि मान्यवर पाहुण्यांची ये-जा यांप्रमाणे या गोष्टी बदलतात. राज्यपालांची निवासस्थाने पुणे, नागपूर आणि आपल्या महाबळेश्वरलाही आहेत. महाबळेश्वरचे ‘गिरिदर्शन’ सातारकरांना ठाऊकच असते. म्हणून चौकशी करताना ‘मुंबईचे लोकभवन (राजभवन), बंकर संग्रहालय’ असे स्पष्ट म्हणावे. नोंदणीत प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर असेल तसेच लिहावे आणि मूळ ओळखपत्र बरोबर ठेवावे. गटात ऐन वेळी एखादा पाहुणा वाढवण्याची आपली सवय येथे चालणार नाही.

भेटीची वेळ हाती आल्यावरच गाडीचे आरक्षण करावे, उलट क्रमाने नव्हे. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सांगलीहून दहाच्या सुमारास आणि साताऱ्याहून मध्यरात्रीनंतर सुटून सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते. भेट दिवसा उशिरा असेल तर ती सोयीची आहे. भेट भल्या सकाळी असेल तर मात्र या गाडीवर विसंबू नये. आदल्या दिवशीच्या कोयना एक्सप्रेसने रात्रीपर्यंत मुंबई गाठावी आणि गिरगाव-ग्रँट रोडच्या आसपास मुक्काम करावा. साताऱ्याचे रेल्वे स्थानक माहुलीकडे, गावापासून बरेच बाहेर आहे, आणि मध्यरात्रीनंतर रिक्षा सहज मिळेल असे समजू नये, तेव्हा तेथे पोचण्याची व्यवस्था संध्याकाळीच ठरवावी. स्वतःच्या वाहनाने साताऱ्याहून अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडते. खंबाटकी, पुणे आणि मुंबईत शिरतानाची गर्दी यांचा हिशेब धरूनच निघावे. शाळेच्या सहलीसाठी एसटीची गाडी ठरवलेली असेल तर मलबार हिलच्या अरुंद, चढत्या रस्त्यांवर ती कोठे थांबवायची हे आधी विचारून घेतलेले बरे.

सुरक्षा तपासणीला वेळ लागतो. मोठ्या पिशव्या, खाण्याचे डबे, चाकू-कात्री, काडेपेटी असे काही बरोबर नेऊ नये. छायाचित्रे काढता येतील की नाही, आणि कोठे, हे दारावरच विचारावे आणि जे सांगतील ते निमूटपणे पाळावे.

आत शिरल्यावर काय पाहावे

प्रवेशद्वारापाशी क्षणभर थांबून त्याची उंची पाहावी. माणसाला ये-जा करण्यास वीस फुटांचे दार लागत नाही. ही उंची अवजड सामानाची आहे. किती अवजड, याचा अंदाज राजभवनाच्याच आवारातल्या दोन तोफांवरून येतो: २०१८ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी सापडलेल्या आणि क्रेन लावून वर आणलेल्या त्या तोफांपैकी प्रत्येकीचे वजन २२ टन आहे. भेटीच्या मार्गावर त्या दाखवत असतील तर त्या आधी पाहाव्यात आणि मग बंकरमध्ये उतरावे; एवढ्या तोफेला लागणारा गोळा दोन गड्यांनी खांद्यावर टाकून नेण्याजोगा नसतो हे डोळ्यांना पटते.

खोल्यांवर मूळची इंग्रजी नावे होती, आणि तीच या जागेची किल्ली आहे. ‘शेल स्टोअर’, ‘कार्ट्रिज स्टोअर’, ‘शेल लिफ्ट’, ‘पंप’, ‘सेंट्रल आर्टिलरी स्टोअर’, ‘वर्कशॉप’ अशी ती नावे आहेत. ‘शेल’ म्हणजे तोफेतून उडणारा गोळा, आणि ‘कार्ट्रिज’ म्हणजे त्याला ढकलणाऱ्या दारूची कापडी पिशवी. त्या काळच्या मोठ्या तोफांत ही दोन्ही एकत्र जोडलेली नसत. गोळा आधी भरायचा, त्यामागे दारूची पिशवी सारायची, अशी पद्धत होती. म्हणूनच त्यांची कोठारे वेगळी असतात. एका खोलीतून दुसरीत जाताना आपण किती पावले चाललो, मध्ये वळण आले का, भिंत किती जाड आहे, याकडे लक्ष द्यावे. मुलांना कागदावर नुसता नकाशा काढायला सांगावे, सुबक नसला तरी चालेल, आणि त्यावर गोळ्याची वाट एका रंगाने व दारूची वाट दुसऱ्या रंगाने दाखवायला लावावी. लिफ्टच्या खोलीपाशी या वाटा वर तोंड करतात. तेथे मान वर करून पाहावे आणि डोक्यावर तोफ उभी आहे अशी कल्पना करावी.

हा वेगळेपणा का पाळायचा, याचे मुंबईतलेच भयंकर उदाहरण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्या एकाच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या. झालेल्या स्फोटांनी गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, आग विझवायला गेलेल्या अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. युद्धाच्या घाईत जो नियम गोदीत मोडला गेला, तोच नियम मलबार हिलच्या या तळघरात दगड-चुन्यात बांधून ठेवलेला आहे. मार्गदर्शक हे सांगतीलच असे नाही. गटप्रमुखाने ते सांगावे.

यानंतर दिव्यांकडे वळावे. बंकरच्या मार्गातल्या भिंतींमध्ये दिवे ठेवण्यासाठी कोनाडे आहेत, आणि घाईत फिरणारा माणूस त्यांना देवळ्या समजून पुढे जातो. दारूच्या कोठारात उघडा दिवा नेणे म्हणजे आत्मघात, आणि अंधारात दारूच्या पिशव्या हाताळणे तितकेच धोक्याचे. यावर त्या काळच्या किनारी तोफखान्यांत सर्वसाधारण तोडगा असा होता की दिवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायचा, त्याच्या आणि कोठाराच्या मध्ये जाड काच बसवायची, आणि वात-तेलाची देखभाल शक्यतो बाहेरच्या बाजूने करायची. कोठारात काम करणारे लोक लोखंडी खिळे ठोकलेली पादत्राणे बाहेर काढून ठेवत, खास कपडे घालत, आणि आतली बिजागरे-कड्या ठिणगी न पडणाऱ्या तांब्या-पितळेच्या करत. राजभवनात कोनाड्यांपाशी उभे राहून काच बसवण्याच्या खाचा दिसतात का, उजेड कोणत्या खोलीवर पडत असेल, हे पाहत राहावे. या बंकरमध्ये माझ्या मते सर्वांत अधिक वेळ देण्याजोगी जागा हीच आहे. आभासी वास्तवाचे चष्मे लावून बसण्यात मुलांना मौज वाटते आणि वाटू द्यावी, परंतु वेळ थोडा असेल तर चष्मा सोडावा, कोनाडा सोडू नये.

हवा आणि पाणी यांचा विचारही त्याच बारकाईने केलेला आहे. जमिनीखाली, समुद्राच्या काठी, मुंबईच्या पावसात दारू कोरडी ठेवायची तर पाण्याचा निचरा आणि हवेचा प्रवाह दोन्ही लागतात. बंकर उघडला तेव्हा सांडपाण्याचे मार्ग आणि ताजी हवा व उजेड आत येण्याची सोय नीट बांधलेली आढळली होती. जमिनीवरचा उतार आणि कडेची गटारे पाहत चालावे, आणि झरोक्याखाली हात धरून हवा येते का ते अजमावावे.

हे सारे कोणाच्या भीतीने बांधले, हा प्रश्न हमखास येतो. उत्तर बहुतेकांना अनपेक्षित असते: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांना हिंदुस्थानातील बंदरांची काळजी वाटत होती ती रशियाची. मार्च १८८५ मध्ये अफगाण सीमेवरील पंजदेह येथे रशियन सैन्याने अफगाणांचा पराभव केला तेव्हा इंग्लंड आणि रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते, आणि त्या सुमारास मुंबईसह प्रमुख बंदरांच्या तोफखान्यांना नवे बळ देण्यात आले. मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान परळहून कायमचे मलबार पॉइंटला आले ते साल योगायोगाने १८८५ हेच आहे. रशियन जहाजे आली नाहीत. पहिल्या महायुद्धात जर्मनांची ‘एमडेन’ ही युद्धनौका हिंदी महासागरात शिरली आणि तिने २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासच्या किनाऱ्यावरील तेलाच्या टाक्यांवर गोळे डागले, पण मुंबईकडे ती फिरकली नाही. तेव्हा ‘येथे कोणती लढाई झाली’ असे मुलांनी विचारले तर ‘झाली नाही’ असे सरळ सांगावे. बंदर राखले गेले म्हणूनच तेथून माणसे परदेशी रणांगणावर पाठवता आली, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ होती. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले आहे ते उगाच नव्हे. त्या गावचे किंवा तशा घरातले कोणी गटात असतील तर बंकर पाहताना त्यांना पुढे ठेवावे.

क्रांतिगाथा दालन

आता भिंतींवरचा इतिहास. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा, १९४६ चा नाविकांचा उठाव अशा विषयांवर शिल्पे, चित्रे आणि दुर्मीळ छायाचित्रे येथे मांडलेली आहेत. इंग्रजांच्या दारूकोठारात इंग्रजांविरुद्ध उठलेल्यांचे स्मरण करण्यात एक औचित्य आहे, हे मान्य. पण चित्रांच्या आणि प्रकाशयोजनेच्या आकर्षणात खोलीचा मूळ उपयोग विसरला जातो, अशी माझी तक्रारही आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी खोल्या, मग चित्रे. मार्गदर्शकाबरोबर एकदाच फिरायचे असेल तर प्रत्येक खोलीत शिरताना प्रथम छताकडे व भिंतींकडे पाहावे आणि मग फलकाकडे.

सातारा-सांगलीच्या माणसाने हे दालन आपल्या जिल्ह्याची उजळणी करून पाहिले तर अधिक लाभ होतो. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड दिला गेला, काहींना फाशी, काहींना गोळ्या घालून, काहींना तोफेच्या तोंडी. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांच्या कटाशी जोडलेला हा प्रसंग तोफेच्या कोठारात उभे राहून आठवला की त्याचा अर्थ अधिक बोचतो. ९ सप्टेंबर १९४२ चा वडूजचा मोर्चा, ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ लुटलेली पगाराची गाडी, २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी फोडलेला सांगलीचा तुरुंग आणि नाना पाटलांचे प्रतिसरकार यांची एका पानाची टिपणी शिक्षकांनी सहलीपूर्वी वाटावी.

सोबत वृद्ध आणि लहान मुले असतील तर

बंद, दमट जागेत फार वेळ थांबणे ज्यांना सोसत नाही, त्यांनी आत जाण्यापूर्वी मार्गदर्शकाला तसे सांगून ठेवावे आणि दाराच्या जवळच्या खोल्या पाहून बाहेर यावे. दम्याचा त्रास असेल तर औषध खिशात असावे. पायांत न घसरणारी पादत्राणे हवीत. लहान मुलांना हात सोडून पळू देऊ नये. कोनाड्यांत चढून बसण्याचा मोह त्यांना होतोच. भिंतींवर हात घासणे, चुन्याचे पापुद्रे उकरणे, नाव कोरणे हे प्रकार गटप्रमुखाने पहिल्याच खोलीत बंद करावेत. अजिंक्यताऱ्यावरच्या आणि सज्जनगडाच्या वाटेवरच्या भिंतींचे आपण काय केले आहे ते पाहता ही सूचना दोनदा द्यावी लागली तरी हरकत नाही.

बाहेर पडल्यावर

राजभवनातून निघाल्यावर जवळच बाणगंगा तलाव आणि वाळकेश्वराचे देऊळ आहे. त्यानंतर टेकडी उतरून गिरगाव चौपाटीवर यावे. जावळी तालुक्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री येथेच, हातात केवळ लाठी असताना, दहशतवाद्याच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचे स्मारक चौपाटीलगत आहे, आणि सातारकरांनी ते न पाहता परत फिरू नये. तेथून चर्नी रोड स्थानक चालत गाठता येते. परतीसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते. चौपाटीवरून संध्याकाळच्या गर्दीत तेथे पोचायला नेहमीपेक्षा बराच अधिक वेळ हाताशी ठेवावा. ही गाडी साताऱ्याला पहाटेच्या अंधारात येते, त्यामुळे मुलांच्या पालकांना माहुलीला किती वाजता यायचे ते आधीच लेखी कळवून ठेवावे.